अभिजात ख्रिस्ती शिक्षणक्रम : सहावी ते आठवीचे विषय

अकरा ते चौदा या वयातील मूल ऐकलेले सारेच मुकाट्याने स्वीकारत नाही. ते 'का?' असे विचारते, उलट उत्तर देते, मोठ्यांच्या बोलण्यातील विसंगती पकडते. घरी हा उद्धटपणा वाटतो, वर्गात व्यत्यय. अभिजात ख्रिस्ती शिक्षणपद्धती मात्र याच वृत्तीला त्या वयाचे प्रमुख साधन मानते. या पद्धतीतील मधल्या तीन वर्षांचे विषय कोणते, त्यांची परंपरा काय आणि मुंबईतील मराठी कॅथलिक कुटुंबांना त्यातून काय घेता येईल, याची माहिती येथे दिली आहे.

परंपरा

मध्ययुगीन युरोपात सात विद्यांचे शिक्षण दिले जाई. व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व ही पहिली त्रयी. अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल ही पुढील चार. येशूसंघाने १५९९ मध्ये 'रॅशिओ स्टुडिओरम' ही शिक्षणसंहिता निश्चित केली. तिच्या खालच्या विभागात पाच वर्ग होते : व्याकरणाचे तीन, त्यानंतर साहित्याचा एक व वक्तृत्वाचा एक. आजच्या माध्यमिकपूर्व वयाची मुले साधारणतः व्याकरणवर्गांत असत. इमॅन्युएल अल्वारेस या येशूसंघीय धर्मगुरूंचे १५७२ मधील लॅटिन व्याकरण हे त्यांचे पाठ्यपुस्तक, तर सिसेरोची सोपी पत्रे हे पहिले वाचन. उजळणी, पाठांतर व लेखन रोज होई. वर्गाचे 'रोमन' आणि 'कार्थेजियन' असे दोन पक्ष पाडून प्रश्नोत्तरांची चुरसही लावली जाई.

विसाव्या शतकात इंग्रज लेखिका डोरोथी सेयर्स यांनी १९४७ मध्ये ऑक्सफर्ड येथील व्याख्यानात ही त्रयी मुलांच्या वाढीशी जोडली. लहान वय पोपटपंचीचे, म्हणून तेव्हा पाठांतर. मधले वय वाद घालण्याचे, म्हणून तर्क. किशोरवय स्वतःला व्यक्त करण्याचे, म्हणून वक्तृत्व. पुढे अमेरिकेत १९८० च्या दशकापासून निघालेल्या अनेक अभिजात ख्रिस्ती शाळांनी हीच विभागणी स्वीकारली.

मधल्या तीन वर्षांचे विषय

तर्कशास्त्र हा या टप्प्याचा कणा होय. विधान, अनुमान आणि हेत्वाभास यांची ओळख येथे होते. एक उदाहरण पाहू. 'मुसळधार पाऊस झाला की हिंदमाता परिसरात पाणी साचते. आज पाणी साचले आहे. म्हणजे मुसळधार पाऊस झाला.' हे पटण्याजोगे वाटते, पण अनुमान सदोष आहे. कारण जलवाहिनी फुटूनही पाणी साचू शकते. अशा चुका ओळखायला शिकलेले मूल जाहिरात, अफवा आणि भाषण यांची पारख करू लागते. धुरावरून अग्नीचे अनुमान करणारी न्यायदर्शनाची परंपरा आपल्याकडे प्राचीन आहे. तीही येथे उपयोगी पडते.

अभिजात भाषा म्हणून बहुतेक ठिकाणी लॅटिन शिकवतात. विभक्ती, लिंग, वचन यांचा मेळ लावताना मुलाला वाक्याची घडण उमगते. लेखनात प्रथम गोष्ट आपल्या शब्दांत सांगणे, मग सुभाषिताचा विस्तार, नंतर एखाद्या मताचे खंडन किंवा समर्थन, अशा पायऱ्या असतात. इतिहास कालक्रमाने शिकवला जातो आणि त्या त्या काळातील ग्रंथ त्याच्या जोडीने वाचले जातात. पवित्र शास्त्र व ख्रिस्तसभेचा इतिहास हे सुटे विषय न राहता याच प्रवाहात येतात. गणितात भूमितीतील सिद्धता, विज्ञानात निरीक्षण आणि त्यांच्या जोडीला संगीत असते.

मुंबईतील वाटचाल

मुंबईत येशूसंघीयांनी १८६४ मध्ये माझगाव परिसरात सेंट मेरीज आणि १८६९ मध्ये धोबीतलाव येथे सेंट झेवियर्स या संस्था उभ्या केल्या. गिरगावातील अनेक पिढ्यांची शाळा हीच. दादरच्या पोर्तुगीज चर्चजवळील अँटोनियो डिसिल्व्हा शाळा तर १८५१ पासूनची. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाल्यावर अभ्यासक्रमात संस्कृत, फारसी यांच्याबरोबर लॅटिनलाही स्थान होते. विसाव्या शतकात मात्र तिचे महत्त्व घटत गेले. पोप जॉन तेविसावे यांनी १९६२ मध्ये लॅटिनच्या अध्ययनाचा आग्रह धरला. तरी १९६३ मध्ये व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषांना वाव दिला आणि मराठीत मिस्सा होऊ लागली. हा लाभ फार मोठा होता. अभिजात भाषेच्या शिस्तीची जागा मात्र रिकामीच राहिली.

आपला अभिजात ग्रंथ

ही जागा भरून काढण्याचे साधन आपल्या घरातच आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे मराठी काव्य जुन्या व नव्या करारांची कथा सांगते. त्यांचे कोकणीचे व्याकरण त्यांच्या निधनानंतर १६४० मध्ये प्रसिद्ध झाले. लॅटिन व्याकरणात मुरलेल्या बुद्धीने आपल्या मातीतील भाषेचा अभ्यास केला, त्याचे हे फळ. मुळात रोमन लिपीत छापलेले पुराण १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांच्या संपादनामुळे देवनागरीत आले. सातवीतील मुलाला आठवड्याला दहा ओव्यांचा अर्थ लावण्यास सांगितले, तर भाषा, धर्मशिक्षण आणि इतिहास या तिन्हींचा अभ्यास एकत्र होतो. केंद्र सरकारने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आहे; त्या अभिजाततेत या ग्रंथाचाही वाटा आहे.

पालकांसाठी

हा शिक्षणक्रम युरोपीय ग्रंथांभोवती फिरतो, हा आक्षेप रास्त आहे. परळ-लालबागमधील नोकरदार आईवडिलांना वेगळी शाळा परवडणे कठीण, हेही खरे. त्यासाठी शाळा बदलण्याची गरज नाही. राज्य मंडळाच्या अनेक शाळांत आठवीपासून संस्कृत घेता येते. धर्मग्रामातील रविवारच्या वर्गात महिन्यातून एकदा दोन पक्ष पाडून चर्चा घेता येते. घरी रात्री जेवताना एका बातमीवर 'हे कशावरून?' एवढा प्रश्न विचारता येतो.

धोका टाळायचा तो एवढाच. पहिल्या ख्रिस्तप्रसादासाठी पाठ केलेली उत्तरे दृढीकरण संस्कारापर्यंत तशीच पाठ राहिली, तर मुलाचे प्रश्न चर्चच्या दाराबाहेर उत्तरे शोधतात. बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात गुरुजनांमध्ये बसून त्यांचे ऐकत होता आणि त्यांना प्रश्नही विचारत होता, असे संत लूक सांगतो. त्या वयाच्या आपल्या मुलांनाही ती मुभा मिळावयास हवी.