पिटुनिया लावायचीय? आधी पाण्याचा हिशोब, मग फुलांची हौस

अहिल्यानगर: नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारात पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. यंदा पाऊस किती पडला, विहिरींची पातळी काय, हे बघून ग्रामसभा ठरवते. आधी माणसांचं पिण्याचं पाणी, मग जनावरांचं आणि उरेल त्यात रब्बीची पिकं. ऊस, केळीसारखी जास्त पाणी पिणारी पिकं घ्यायची नाहीत, शेतीसाठी बोअरवेल मारायचं नाही, हे नियम गावानं स्वतःच स्वतःला घालून घेतले. वर्षाला जेमतेम ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारं हे गाव पद्मश्री पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली देशभर ओळखलं गेलं, ते याच शिस्तीमुळे.

मग अशा दुष्काळी पट्ट्यात अंगणात शोभेची फुलं लावायची की नाही? लावता येतात. फक्त हिवरे बाजारासारखा हिशोब आधी करायचा. हिवाळ्यात घराच्या, शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या अंगणात शोभणाऱ्या पिटुनियाची ही सविस्तर माहिती.

पिटुनिया म्हणजे काय?

पिटुनिया मूळची दक्षिण अमेरिकेतली. टोमॅटो, वांगं, मिरची, बटाटा, तंबाखू आणि धोतरा ज्या कुळातले, त्याच कुळातली ही. पिटुनिया हे नावसुद्धा तिकडच्या आदिवासी भाषेतल्या तंबाखूच्या शब्दावरून आलं आहे. पांढऱ्या आणि जांभळ्या रानटी जातींच्या संकरातून युरोपात एकोणिसाव्या शतकात बागेतली पिटुनिया तयार झाली.

फूल कर्ण्याच्या आकाराचं, पानं थोडी चिकट आणि लव असलेली. रंग पांढरा, गुलाबी, लाल, जांभळा, पट्टेरी असे भरपूर. रोपवाटिकेत मुख्यतः तीन प्रकार मिळतात. मोठ्या फुलांची पिटुनिया दिसायला देखणी, पण अवकाळी पावसात तिची फुलं लगेच गळपटतात. लहान फुलांची पिटुनिया भरपूर फुलते आणि पाऊस-वारा जास्त सोसते, वाफ्यासाठी हीच बरी. तिसरी पसरणारी, तिच्या फांद्या खाली लोंबतात म्हणून ती टोपलीसाठी चांगली.

पाण्याचा हिशोब कसा करायचा?

हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. हिवाळ्यात वाफ्यातून रोज साधारण ३ ते ४ मिलिमीटर पाणी उडून जातं. १० फूट लांब आणि ३ फूट रुंद वाफा म्हणजे जवळपास २.८ चौरस मीटर. त्याला दिवसाला सरासरी १० लिटर, म्हणजे एक छोटी बादली पाणी लागतं. डिसेंबर ते मार्च असे चार महिने धरले तर साधारण १,२०० लिटर.

आता पत्र्याकडे बघा. २० बाय १० फुटांच्या पत्र्यावर ४०० मिलिमीटर पाऊस पडला तर जवळपास ७,४०० लिटर पाणी पडतं. गळती-उडती धरूनही सहा हजार लिटरच्या आसपास हाती लागू शकतं. म्हणजे परतीच्या पावसात पन्हाळीखाली हजार लिटरची टाकी भरून, झाकून ठेवली आणि वाफ्यावर पाचटाचं किंवा भुशाचं आच्छादन केलं, तर विहिरीला फारसा हात न लावता हिवाळाभर फुलं बघता येतात.

भाज्या, तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी चालतं. साबणाचं पाणी आणि पाणी शुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणारं क्षारयुक्त पाणी मात्र पिटुनियाला नको.

पेरणी कधी आणि कशी?

नवरात्राच्या सुमारास पेरा, संक्रांतीला अंगण फुललेलं असेल, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. बी पेरल्यापासून फूल यायला साधारण १० ते १२ आठवडे लागतात. २६ जानेवारीच्या झेंडावंदनाला शाळेचं अंगण फुललेलं हवं असेल, तर ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा चुकवू नका.

बी अतिशय बारीक असतं, एका ग्रॅममध्ये दहा हजारांच्या आसपास बिया भरतात. म्हणून चिमूटभर बी कोरड्या बारीक वाळूत मिसळून पेरा. या बियांना उगवायला उजेड लागतो, त्यामुळे वरून माती टाकू नका, नुसतं हलकं दाबा. टोमॅटोची रोपं करतात त्या प्रो-ट्रेमध्ये कोकोपीट भरून पेरणी केली तर उत्तम. झारीनं पाणी घातलं तर बी वाहून जातं. ट्रे पाण्यात ठेवून खालून ओल द्या, नाहीतर पंपाचा बारीक फवारा मारा. आठ-दहा दिवसांत बी उगवतं. रोपाला पाच-सहा पानं आली की लागवडीला तयार.

एवढा खटाटोप नको असेल तर नोव्हेंबरमध्ये रोपवाटिकेतून तयार रोपं आणा. घेताना फुलं बघून भुलू नका. बुटकं, फुटवे असलेलं, कळ्या नुकत्याच लागलेलं रोप निवडा.

वाफ्यातली लागवड

जागा अशी निवडा की दिवसातून किमान पाच-सहा तास ऊन मिळेल. सावलीत पिटुनिया नुसती उंच होते, फुलत नाही.

नगर भागातल्या काळ्या जमिनीत पाणी साचतं आणि मुळं कुजतात. म्हणून वाफा जमिनीपासून सहा इंच उंच करा. मातीत चांगलं कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू मिसळा. कच्चं शेणखत टाकलं तर हुमणी आणि वाळवी येते. दोन रोपांत एक फूट अंतर ठेवा, म्हणजे १० बाय ३ फुटांच्या वाफ्यात ३० च्या आसपास रोपं बसतात. लागवड संध्याकाळी करा. पहिला आठवडा रोज थोडं पाणी द्या, नंतर बोटभर माती कोरडी झाली की मगच. काळ्या जमिनीत हिवाळ्यात दोन-तीन दिवसांआड पाणी पुरतं.

टोपलीतली पिटुनिया

१२ इंची टोपलीत तीन ते चार रोपं पुरे. विकतची टोपलीच हवी असं नाही. रंगाचा रिकामा डबा, तेलाचा कापलेला कॅन, जुनी बादलीसुद्धा चालते, पण तळाला चार-पाच भोकं पाहिजेतच. नुसती काळी माती भरू नका. ती आवळून बसते आणि टोपली जड होते. दोन भाग कोकोपीट, दोन भाग गांडूळखत आणि एक भाग माती हे मिश्रण हलकं राहतं. तार आणि खिळा ओल्या टोपलीचं वजन पेलेल असाच घ्या.

टोपलीचा एक तोटा आहे. तिला सुट्टी चालत नाही. हिवाळ्यात एका टोपलीला रोज साधारण एक लिटर पाणी लागतं आणि मार्चच्या उन्हात दिवसातून दोनदा द्यावं लागतं. टोपली पूर्ण वाळली तर वरून ओतलेलं पाणी कडेनं निघून जातं. तेव्हा ती अर्धा तास पाण्याच्या टबात बुडवून ठेवा. घरी कुणी नसेल तर टोपल्या उतरवून सावलीत ठेवा.

शेंडा खुडा, वाळलेली फुलं काढा

रोप सहा इंचांचं झालं की शेंडा खुडा. जीवावर येतं, पण त्यामुळेच फुटवे येतात. सुकलेलं फूल पाकळ्या ओढून न काढता मागच्या हिरव्या देठासकट खुडा. नाहीतर बी धरायला लागतं आणि रोपाची ताकद तिकडे जाते. फेब्रुवारीत रोपं लांबुडकी झाली तर एक तृतीयांश छाटा. तीन आठवड्यांत पुन्हा फुलतात.

पानं पिवळी का पडतात?

ही या भागातली नेहमीची अडचण. पिटुनियाला किंचित आम्ल माती आवडते, तर आपली माती आणि विहिरीचं पाणी बहुतेक ठिकाणी विम्लधर्मी. अशा मातीत लोह असूनही रोपाला मिळत नाही. शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या दिसल्या की लोहाची कमतरता समजा. युरिया टाकून ती जात नाही. कृषी सेवा केंद्रातून चिलेटेड लोह आणा आणि पाकिटावरच्या प्रमाणात द्या. याच कारणासाठी पावसाचं साठवलेलं पाणी पिटुनियाला जास्त मानवतं.

एरवी १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला एक ते दोन ग्रॅम, टोपलीला आठवड्यातून एकदा आणि वाफ्याला पंधरा दिवसांतून एकदा पुरेसं आहे. जास्त नत्र दिलं तर पानंच वाढतात.

टोमॅटो, मिरची लावणाऱ्यांनी हे वाचाच

पिटुनिया टोमॅटोच्या कुळातली असल्यानं मावा, पांढरी माशी, फुलकिडे आणि घाटेअळी दोन्हींवर येतात. विषाणूजन्य रोगही एकीकडून दुसरीकडे जातात. त्यामुळे टोमॅटो, मिरची किंवा वांग्याच्या रोपवाटिकेला लागून पिटुनिया लावू नका. घराच्या अंगणात लावा, शेताच्या बांधावर नको.

तंबाखू मोझॅक हा विषाणू तर हातानं पसरतो. तंबाखू मळलेल्या किंवा विडी ओढलेल्या हातानं शेंडा खुडला की रोग रोपात जाऊ शकतो आणि त्याच हातानं पुढे टोमॅटोत. म्हणून रोपांना हात लावण्याआधी साबणानं हात धुवा. पानांवर फिकट-गडद चट्टे, सुरकुत्या दिसल्या तर त्यावर औषध नाही. रोप उपटून जाळून टाका. मावा, पांढरी माशी दिसली तर सुरुवातीला पिवळे चिकट सापळे आणि निंबोळी अर्काचा फवारा पुरतो.

पैसे मिळतात का?

झेंडू-शेवंतीसारखी ही बाजारात किलोवर विकली जात नाही. पाकळ्या नाजूक आणि चिकट असल्यानं हारातही चालत नाही. कमाई असेल तर ती रोपांच्या आणि भरलेल्या टोपल्यांच्या विक्रीत. महिला बचत गटांना ऑक्टोबर ते डिसेंबर हा जोडधंदा करता येतो, पण आधी जवळच्या रोपवाटिकांकडे मागणी विचारूनच. संकरित वाणाचं घरचं बी पुढच्या वर्षी वापरलं तर रंग आणि आकार तसाच येईल याची खात्री नसते.

थोडक्यात वेळापत्रक

सप्टेंबर: पन्हाळीचं पाणी टाकीत साठवा.
ऑक्टोबर: ट्रेमध्ये पेरणी.
नोव्हेंबर: लागवड, शेंडा खुडणं.
डिसेंबर ते फेब्रुवारी: फुलांचा बहर, खत, सुकी फुलं काढणं.
मार्च: टोपल्या सावलीत हलवा.
एप्रिल: रोपं काढा, निरोगी असतील ती कंपोस्टमध्ये टाका.

ज्या वर्षी पाऊस कमी झाला, टाकी भरली नाही, त्या वर्षी वाफा करू नका. दारात दोन टोपल्या पुरे. त्यांना दोन लिटर पाणी घरातल्या भाज्या धुतलेल्या पाण्यातूनही निघतं.