जर्दाळूच्या बियांमागची आशा

कर्करोगाचे रोगी इस्पितळ सोडून इतर उपचारांकडे का वळतात, याचे उत्तर लेट्रिल या औषधाच्या इतिहासात सापडते.

अमेरिकेत १९५० नंतर क्रेब्स पितापुत्रांनी त्याचा प्रसार केला. जर्दाळूच्या बियांतील अमिग्डालिन या द्रव्यापासून ते बनविले जाई. त्यास 'जीवनसत्त्व ब-१७' असे नाव मिळाले. वास्तविक ते जीवनसत्त्व नव्हेच, उलट पोटात गेल्यावर त्यातून सायनाइड हे विष सुटते. तरीही १९७० नंतर हजारो रोगी त्यामागे लागले. कित्येक त्यासाठी मेक्सिकोतील तिहुआना शहरी गेले. अमेरिकेतील वीसहून अधिक राज्यांनी त्यास कायद्याने मोकळीक दिली.

या लोकांना आम्ही अडाणी म्हणणार नाही. कर्करोगावरील औषधांनी केस गळत, ओकाऱ्या होत. आणि कित्येकांच्या कानी 'आता उपाय नाही' एवढेच पडे. लेट्रिलवाल्यांकडे त्यांना धीर मिळे, पथ्यपाणी मिळे, स्वतः काही करीत असल्याचे समाधान मिळे.

१९८२ साली मेयो क्लिनिकचे डॉ. मर्टेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १७८ रोग्यांवरील चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. ठोस गुण आढळला नाही. काहींना मात्र विषबाधेची लक्षणे दिसली.

औषध खोटे ठरले, पण त्यामागची गरज खरी होती. आज इस्रायलमधील काही इस्पितळांत मुख्य उपचारांच्या जोडीस, त्रास हलका व्हावा म्हणून, अॅक्युपंक्चरही देतात. तेव्हा बंधुभगिनींनो, घरचा आजारी एखादा काढा घेत असेल तर त्यास रागावू नये. डॉक्टरांना ते अवश्य सांगावे, आणि आपण त्याच्याजवळ बसून त्याचे ऐकावे.