व्हॉन हिप्पेल-लिंडाऊ विकार : मेंदूतील गाठ आणि रक्तवाहिन्यांचा गुंता

मेंदूत गाठ असल्याचे निदान झाले की प्रथम कर्करोगाची शंका येते. परंतु हिमँजिओब्लास्टोमा ही गाठ कर्करोगाची नसते. तिच्यात सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. अनेक रुग्णांत ती एकटीच आढळते. काहींमध्ये मात्र ती व्हॉन हिप्पेल-लिंडाऊ या आनुवंशिक विकाराची पहिली खूण ठरते. हा विकार सुमारे ३६,००० जन्मांमागे एका बालकात आढळतो.

जर्मन नेत्रतज्ज्ञ ऑयगेन व्हॉन हिप्पेल यांनी १९०४ मध्ये दृष्टिपटलावरील अशा गाठींचे वर्णन केले. या गाठींचा लघुमेंदूतील गाठींशी असलेला संबंध स्वीडनचे विकृतिशास्त्रज्ञ आर्विड लिंडाऊ यांनी १९२६ मध्ये स्पष्ट केला.

कारण

तिसऱ्या गुणसूत्रावरील एका जनुकातील दोषामुळे हा विकार होतो. हे जनुक १९९३ मध्ये सापडले. शरीराला पुरेसा प्राणवायू मिळत असताना नव्या रक्तवाहिन्या निर्माण करणारे संदेश थांबविणे, हे या जनुकाचे एक कार्य आहे. ते निकामी झाल्यास पेशी प्राणवायूची कमतरता असल्याप्रमाणे वागतात आणि रक्तवाहिन्या वाढत राहतात. पेशींना प्राणवायूची पातळी कशी कळते, या संशोधनासाठी विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. केलिन यांच्या संशोधनाचा प्रारंभ याच विकारापासून झाला होता.

लक्षणे

लघुमेंदूतील गाठीलगत पुष्कळदा द्रवाने भरलेली पिशवी तयार होते. तिच्या दाबामुळे डोकेदुखी, उलट्या आणि चालताना तोल जाणे ही लक्षणे दिसतात. दृष्टिपटलावरील गाठीमुळे अंधत्व येऊ शकते. मज्जारज्जूतही गाठी होतात. मूत्रपिंडाचा कर्करोग हा या विकारातील मोठा धोका होय. स्वादुपिंडात आणि अधिवृक्क ग्रंथींतही गाठी आढळतात. अधिवृक्क ग्रंथींतील गाठींमुळे रक्तदाब अचानक वाढतो.

उपचार

त्रास देणारी मेंदूतील गाठ शस्त्रक्रियेने काढली जाते. गाठ कापल्यास मोठा रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने शल्यचिकित्सक ती शक्यतो अखंड काढतात. दृष्टिपटलावरील लहान गाठींवर लेसर उपचार करता येतात. तातडीने शस्त्रक्रियेची गरज नसलेल्या काही रुग्णांसाठी बेल्झुटिफान या गोळीला अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने ऑगस्ट २०२१ मध्ये मान्यता दिली. या औषधाने रक्तक्षय होऊ शकतो. गर्भालाही त्यापासून अपाय संभवतो.

कुटुंबाची तपासणी

आई किंवा वडिलांना हा विकार असल्यास प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता ५० टक्के असते. सुमारे २० टक्के रुग्णांच्या घराण्यात मात्र त्याचा पूर्वेतिहास नसतो. म्हणून एका व्यक्तीत निदान झाल्यावर तिच्या आईवडिलांची, भावंडांची आणि मुलांची जनुकीय तपासणी करणे आवश्यक ठरते. ज्यांच्यात दोष आढळत नाही, त्यांची पुढील तपासण्यांतून सुटका होते. दोष असलेल्या मुलांची नेत्रतपासणी बाल्यावस्थेपासून, तर मेंदू व मज्जारज्जूची एमआरआय तपासणी साधारणपणे ११ व्या वर्षापासून नियमित केली जाते. लक्षणे दिसण्यापूर्वीच गाठ सापडल्यास दृष्टी वाचविता येते, तसेच मूत्रपिंडाच्या कर्करोगावर वेळेत उपचार करता येतात.