उजेड चिपमध्ये शिरला कसा?

मंडळी, वाळूज आपल्या परभणीपासून फार लांब नाही. तिथं स्टरलाइटच्या कारखान्यात काचेचा तंतू ओढतात. बाहेरून १२५ मायक्रॉन जाड. पण उजेड जातो तो मधल्या नऊ-दहा मायक्रॉनच्या वाटेनं. गावात भारतनेटची केबल आली की आपण किलोमीटर मोजतो. इतिहासही तसाच सांगतात : १९६६ चा काओ-हॉकहॅम यांचा निबंध, १९७० चा कॉर्निंगचा कमी गळतीचा तंतू, २००९ चं काओंचं नोबेल. मला आज बोलायचंय ते तंतू संपतो आणि चिप सुरू होते, त्या जागेबद्दल.

सिलिकॉन चिपवरची उजेडाची वाट साधारण ४५० नॅनोमीटर रुंद आणि २२० उंच. दोन्हींचं क्षेत्रफळ काढून बघा, फरक सातशे-आठशे पटींचा निघतो. नुसतं टोकाला टोक लावलं, तर शंभरातला एक भागही धड आत जात नाही. म्हणजे शेकडो किलोमीटर जपून आणलेला उजेड उंबरठ्यावर सांडायचा!

एक तोड जुनीच होती. १९७० मध्ये डाक्स, कून आणि सहकाऱ्यांनी पातळ थरावर बारीक समांतर रेघा पाडून लेसरचा झोत आत वळवला. २००२ मध्ये बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात टायलार्ट आणि मंडळींनी हीच युक्ती तंतूसाठी वापरली. तंतू वरून, जवळजवळ उभा धरायचा. फायदा असा की चकती कापायच्या आधीच प्रत्येक चिप तपासता येते. तोटा हा, की उजेडाच्या ठरावीक तरंगलांबींनाच ती वाट नीट मानवते.

दुसरी तोड मात्र मला जास्त आवडते. आपल्याला काय सुचेल? नरसाळं! चिपवरची वाट तोंडाशी रुंद करायची. २००२ मध्ये जपानच्या एनटीटीतल्या शोजी आणि सहकाऱ्यांनी, २००३ मध्ये कॉर्नेलच्या अल्मेडा, पानेपुच्ची आणि लिप्सन यांनी नेमकं उलटं केलं. वाट तोंडाशी आणखी निमुळती केली, पार १०० नॅनोमीटरच्या आसपास. जायकवाडीच्या चारीवर पाणी धरलेल्याला हे वेगळं सांगायला नको. चारी अरुंद झाली की पाणी काठावरून पसरतं. उजेडही त्या टोकाभोवती पसरतो, तंतूतल्या उजेडाच्या मापाला जवळ येतो. फक्त चारीचं पाणी वाया जातं. हा उजेड टोक रुंद होत जाईल तसा पुन्हा आत ओढला जातो.

तरी बसवायचं काम राहतंच. तंतू एखाद-दुसरा मायक्रॉन सरकला तरी उजेड घटतो. म्हणून कित्येक ठिकाणी अजूनही तंतूत उजेड सोडून, मीटरकडे बघत बघत तो जागेवर आणतात आणि चिकटवतात. आणि चिकटद्रव्य सुकताना आकसतं, तंतू पुन्हा हलतो.