उजाड टेकडीचे दोन खासदार

विल्टशरमधल्या ओल्ड सॅरमच्या टेकडीवरची वस्ती १३व्या शतकात खाली नव्या सॉल्झबरीत उतरली, कॅथेड्रलही तिकडेच गेलं. तरी १८३२पर्यंत हा उजाड माळ संसदेत दोन खासदार पाठवत राहिला. त्याच काळात गिरण्यांनी गजबजलेल्या मँचेस्टरला स्वतःचा एकही नव्हता. याला निव्वळ गचाळ कारभार म्हणणं मला पटत नाही. इथे मताचा हक्क ठरावीक जमिनीच्या तुकड्यांना चिकटलेला होता. जमीन ज्याची, मतदार त्याचे. आपल्याकडच्या वतनासारखीच ही मिळकत, म्हणून माणसं गेली तरी ती टिकली. पुढे मद्रासचा गव्हर्नर झालेल्या थॉमस पिटने ती विकत घेतली. १८०२ मध्ये ती लॉर्ड कॅलेडनकडे गेली. त्याच्या बापाचाही पैसा हिंदुस्थानातलाच! १८३१ साली मतदार होते ११, आणि मतदान व्हायचं एका एल्मच्या झाडाखाली.

अशा जागांमुळेच होतकरू तरुण संसदेत पोचले, असा बचाव तेव्हा होई. थोरला विल्यम पिट १७३५ मध्ये इथूनच निवडून आला, हे खरंच. पण थॉमस पिट त्याचा आजोबा होता, आणि तेव्हा मालकी थोरल्या भावाकडे होती. गुण नंतर दिसले. दार उघडलं ते सातबाऱ्याने.