बर्फावरच्या मुलींची हकिगत

यंदाच्या स्मरणिकेसाठी मी लिहावे असा आग्रह झाला तेव्हा मी बोहाड्याविषयी नाही तर नागलीच्या पदार्थांविषयी लिहीन, असे पुष्कळ जणींना वाटले असेल. मी मात्र बर्फावर खेळल्या जाणाऱ्या हॉकीविषयी लिहिणार आहे. सूर्यमाळला थंडी कितीही पडली तरी बर्फ आपण पाहतो तो गोळेवाल्याच्या गाडीवरच. तेव्हा हे काय खूळ, असे कोणी म्हणेल. म्हणोत बापड्या, माझे कारण पुढे येईलच.

दोन वर्षांपूर्वी मी भाचीकडे अमेरिकेत प्रॉव्हिडन्स या शहरी गेले होते. तेथे १७६४ साली स्थापन झालेले ब्राऊन विद्यापीठ आहे. एका संध्याकाळी भाचीने मला त्या विद्यापीठाच्या मुलींचा सामना दाखवायला नेले. दोन स्वेटर, वर शाल आणि कानटोपी असा माझा थाट! छपराखाली बर्फाचे भले मोठे अंगण, दोन्ही बाजूंना सहा-सहा मुली, बुटांच्या तळाला पोलादी पाती, हातात लांब काठ्या. चेंडूच्या जागी तळहाताएवढी काळी रबरी चकती. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. त्या मुली अशा सुसाट जात की चकती कुठे गेली हे मला एकदाही वेळेवर कळले नाही. गोल झाल्यावर शेजारच्या बाई ओरडत, मग मीही टाळ्या वाजवी.

परतताना भाचीने या संघाची कुळकथा सांगितली. पुढे मी ती वाचूनही काढली.

बर्फावरची हॉकी मुलींनी खेळणे तसे नवे नव्हे. कॅनडातील मॅकगिल आणि क्वीन्स या विद्यापीठांच्या मुली १८९० च्या दशकातच ती खेळत होत्या, आणि तीही पायघोळ झगे घालून. झग्याच्या घेराखाली चकती दडवण्याची युक्तीही त्या काळच्या बायकांनी काढली होती. नऊवारीची सवय असलेल्यांना ती पटेल. अमेरिकेतील विद्यापीठांत मात्र मुलींचा पहिला संघ मानतात तो ब्राऊनचाच, १९६४ सालचा. तेव्हा ब्राऊनमधील मुलींचे कॉलेज वेगळे असे. त्याचे नाव पेंब्रोक. तेथील नॅन्सी शिफेलिन या विद्यार्थिनीने पुरुष खेळाडूचा सगळा पेहराव अंगावर चढवला आणि ती पुरुष संघाच्या सरावात उतरली. आपला खेळ प्रशिक्षक जेम्स फुलर्टन यांच्या नजरेस पडावा, एवढाच तिचा हेतू. आपल्या बोहाड्यात पुरुष देवीचे सोंग घेऊन नाचतात आणि आपण हात जोडतो; इथे मुलीला नुसते खेळायला मिळावे म्हणून पुरुषाचे सोंग घ्यावे लागले. सोंग फळाला आले. मुलींचा संघ निघाला, त्याला ‘पेंब्रोक पांडा’ असे गमतीचे नाव मिळाले, आणि पुरुष संघाकडून सामान उसने घेऊन मुली खेळू लागल्या.

१९७२ साली अमेरिकेत एक कायदा झाला. त्याला ‘टायटल नाइन’ म्हणतात. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने मुलगा-मुलगी असा भेद करू नये, हा त्याचा आशय. त्यानंतर मुलींचे संघ भराभर वाढले. १९९८ साली जपानमधील नागानो येथे स्त्रियांची आईस हॉकी प्रथमच ऑलिंपिकमध्ये आली. सुवर्णपदक मिळवणाऱ्या अमेरिकेच्या संघातील केटी किंग आणि तारा मूंसे या ब्राऊनच्या, आणि अंतिम सामन्यात हरलेल्या कॅनडाच्या संघातील बेकी केलर हीदेखील ब्राऊनचीच!

पण मला खरी सांगायची ती मधली गोष्ट. १९९१ साली याच विद्यापीठाने खर्च कमी करण्यासाठी चार संघांचा पैसा बंद केला. दोन संघ मुलांचे, दोन मुलींचे. वरवर पाहता न्याय समसमान. हॉकीचा संघ त्यात नव्हता. मुलींचे व्हॉलीबॉल आणि जिम्नॅस्टिक्स गेले. हिशेब पाहिला तर मुलींच्या दोन संघांतून वर्षाला सुमारे ६२ हजार डॉलर वाचत होते आणि मुलांच्या दोहोंतून सुमारे १६ हजार. एमी कोहेन ही जिम्नॅस्ट आणि तिच्या सोबतिणी कोर्टात गेल्या. विद्यापीठात मुली शेकडा ५१, पण खेळाडूंत मुली शेकडा ३८, असे आकडे पुढे आले. विद्यापीठाचे म्हणणे असे की, मुलींना खेळाची आवडच कमी, त्याला आम्ही काय करणार? १९९६ साली अपील कोर्टाने हे म्हणणे फेटाळले. आवड काही पोकळीत उगवत नाही, संधी मिळाली तर ती वाढते, असा त्या निकालाचा आशय आहे. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला, आणि १९९८ साली उभयपक्षी करार होऊन मुलींचा वाटा बांधून दिला गेला. तो करार २०२४ साली संपला.

हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले, कारण आपल्या मंडळाची एक सभा आठवली. पाच वर्षांपूर्वी मुलींच्या कबड्डी संघाचा खर्च आपण बंद केला. ‘मुली येतच नाहीत, त्यांना हौसच नाही,’ असे कोणी म्हणाले, आणि हात वर करणाऱ्यांत मीही होते. सराव आपण ठेवला होता दिवाळीनंतर, म्हणजे निम्मी घरे वीटभट्ट्यांवर गेलेली. आणि वेळ संध्याकाळी पाचची, म्हणजे पाण्याच्या खेपांची. हे त्या सभेत एकीच्याही तोंडून निघाले नाही.

शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक मिळवले, हे आपण मुलींना अभिमानाने सांगतो. सांगावेच. पण धावायला एकटीला पायवाट पुरते. कबड्डीला सात जणी लागतात, आखलेले मैदान लागते आणि सगळ्यांना जमेल अशी एक वेळ लागते. लडाखच्या मुलींचे पाहा. हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावर त्या खेळत. बहुतेक त्यांच्याच जोरावर भारताचा स्त्रियांचा आईस हॉकी संघ उभा राहिला. २०१६ साली तो प्रथम परदेशी खेळला, पुढच्या वर्षी बँकॉकला पहिला सामना जिंकला, आणि २०२५ साली आशिया चषकात त्याने कांस्यपदक आणले.

परवा जमाखर्चाची जुनी वही काढून पाहिली. त्या वर्षी कबड्डी संघावर ७,२०० रुपये खर्ची पडले होते, हळदीकुंकवाच्या वाणावर ११,०००. त्या रकमेवर कोणी हात वर केला नव्हता. गुडघ्याच्या पट्ट्या आणि बारा निळे बनियन अजून मंडळाच्या ट्रंकेत आहेत. उंदरांनी दोन कुरतडले; दहा शाबूत आहेत. ट्रंकेची किल्ली सध्या माझ्याकडे आहे.