उंबरठ्यावरचा कागद

संगणकाच्या इतिहासावर मराठीत जे काही लिहिले जाते, त्यात यंत्रे असतात, कंपन्या असतात आणि गॅरेजमध्ये बसलेली दोन-चार तरुण मुले असतात. काम प्रत्यक्षात कसे होते, एका माणसाने लिहिलेल्यात दुसरा कसा हात घालतो, याकडे फारसे कोणी बघत नाही. मला मात्र गेली काही वर्षे याच गोष्टीचा नाद लागला आहे. संगणकशास्त्र मी कोणत्याही महाविद्यालयात शिकलो नाही. जे शिकलो ते लोकांनी उघड्यावर ठेवलेल्या फायली वाचून.

पडद्यावर आपल्याला दिसणारा, बोटाने दाबता येणारा जो भाग, त्याला या धंद्यात फ्रंट-एंड म्हणतात. बटणे, याद्या, रकाने, तारखा, सगळे त्यात आले. हा भाग रचण्याचे पुष्कळसे साहित्य आज खुल्या प्रकल्पांतून येते आणि अशा प्रकल्पात जगातला कोणीही येऊन भर घालू शकतो. प्रत्येक प्रकल्पाच्या उंबरठ्यावर एक कागद ठेवलेला असतो, त्याचे नाव 'रीडमी'. मोठा प्रकल्प असला तर शेजारी 'कॉन्ट्रिब्युटिंग' नावाचा दुसरा. मजकूर थोड्याफार फरकाने सगळीकडे तोच: प्रकल्पाची आपली प्रत काढा, नोडची अमुक आवृत्ती बसवा, 'एनपीएम इन्स्टॉल' म्हणा, चालवून बघा, स्वतंत्र शाखा काढा, बदल करा, चाचण्या चालवा, मग 'पुल रिक्वेस्ट' पाठवा. वाचणाऱ्याला हे पाककृतीसारखे वाटते. पण यातली प्रत्येक ओळ कोणत्या तरी साली, कोणत्या तरी कारणाने आलेली आहे.

राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, तेव्हा बखरींपेक्षा अस्सल पत्रांवर भिस्त ठेवली. इथेही तसेच आहे. संस्थापकांच्या मुलाखती या बखरी. कोणी कोणत्या दिवशी कोणती ओळ का बदलली याची जी नोंद प्रकल्पाच्या पोटात राहते, ते दप्तर. आणि हे दप्तर मोडी न येणाऱ्यालाही वाचता येते, एवढी त्याची मेहेरबानी.

आधी 'बदल पाठवणे' ही कल्पनाच बघू. १९८५ साली लॅरी वॉल यांनी 'पॅच' नावाचा छोटा प्रोग्राम लिहिला. त्यामुळे अख्खी फाइल न पाठवता फक्त फरक पाठवता येऊ लागला: ही ओळ काढा, ही घाला. लिनक्सचे काम १९९१पासून बरीच वर्षे असेच, पत्रांतून आलेल्या फरकांवर चालले. पुढे २००२मध्ये ते बिटकीपर या खासगी मालकीच्या प्रणालीवर गेले. २००५मध्ये तिचा फुकट परवाना बंद झाला आणि लिनस टोरवाल्ड्स यांनी त्या एप्रिलात काही दिवसांत गिट लिहून काढले. गिटचे वैशिष्ट्य असे की प्रत्येकाकडे इतिहासासकट पूर्ण प्रत असते. मूळ वहीवर मालकाचाच हात, पण प्रत काढायला कोणाची परवानगी नको. २००८मध्ये गिटहब आले आणि पत्राने फरक पाठवण्याच्या जुन्या रिवाजाला एक बटण मिळाले. २०१०पासून त्या विनंतीखालीच ओळीओळीवर चर्चा होऊ लागली. अनोळखी माणसाने दार वाजवण्याची लाज या बटणाने बरीच कमी केली, असे माझे मत आहे.

हा झाला एक प्रवाह. दुसरा प्रवाह ब्राउझरचा. ब्रेंडन आइक यांनी मे १९९५मध्ये नेटस्केपमध्ये दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना केला, ही गोष्ट आता सर्वश्रुत आहे. त्या काळी शिकण्याची रीत सोपी होती: पान उघडायचे, 'व्ह्यू सोर्स' करायचे, वाचायचे, उचलायचे. २००६मध्ये जॉन रेसिग यांचे जेक्वेरी आले, तेही एका फायलीचे होते. ती फाइल पानाला जोडली की झाले. मांडामांड अशी काही नव्हतीच.

मांडामांड सुरू झाली ती नोडपासून. नोव्हेंबर २००९मध्ये रायन डाल यांनी बर्लिनच्या परिषदेत नोड दाखवले आणि ब्राउझरमध्ये कोंडलेली जावास्क्रिप्ट कोणत्याही यंत्रावर चालू लागली. पाठोपाठ २०१०मध्ये आयझॅक श्लूटर यांनी एनपीएम आणले. हे एक सामायिक कोठार. कोणीही आपला तुकडा तिथे ठेवावा, कोणीही न्यावा. प्रकल्पाने 'पॅकेज डॉट जेसन' या फायलीत किराण्याची यादी लिहायची, एनपीएम ते सामान आणून देणार. पण यादीतल्या प्रत्येक सामानाची स्वतःची यादी असते, त्या यादीतल्यांची आणखी. पंधरा नावे लिहिली तरी घरात शेकडो पोती येऊन पडतात. रिअॅक्ट २०१३मध्ये खुले झाल्यावर त्यावर काम सुरू करायला एवढी जुळवाजुळव लागे की जुलै २०१६मध्ये फेसबुकनेच 'क्रिएट रिअॅक्ट अॅप' नावाची तयार चौकट दिली. फेब्रुवारी २०२५मध्ये तीही अधिकृतपणे निवृत्त झाली. या प्रांतात साडेआठ वर्षे म्हणजे दीर्घायुष्यच.

आता २२ मार्च २०१६. अझेर कोचुलू या प्रोग्रामरचा एनपीएमवर 'किक' नावाचा एक तुकडा होता. त्याच नावाच्या निरोप्या अॅपच्या कंपनीने नावावर हक्क सांगितला, कोचुलूंनी नकार दिला, एनपीएमने नाव कंपनीकडे सोपवले. कोचुलूंनी चिडून आपले सगळे, अडीचशेहून अधिक तुकडे कोठारातून काढून घेतले. त्यात 'लेफ्ट-पॅड' होता, अकरा ओळींचा. शब्द किंवा आकडा ठरावीक रुंदीचा व्हावा म्हणून डावीकडे मोकळ्या जागा किंवा शून्ये भरायची, एवढेच त्याचे काम. ज्यांनी लेफ्ट-पॅडचे नावही ऐकले नव्हते त्यांचे प्रकल्प जगभर उभे राहीनात, कारण बेबलसारखी सगळ्यांना लागणारी साधने यादीच्या यादीतून त्या अकरा ओळींवर टेकलेली होती. सुमारे दोन तासांत एनपीएमने तो तुकडा लेखकाच्या संमतीशिवाय परत ठेवला आणि पुढे नियम केला की चोवीस तास उलटून गेलेला तुकडा असा सहज मागे घेता येणार नाही.

या प्रसंगावर पुष्कळ हसून झाले आहे. अकरा ओळी स्वतः लिहिता येत नाहीत का, वगैरे. मला तो विनोदी वाटत नाही. फुकट दिलेल्या वस्तूवर देणाऱ्याचा हक्क किती उरतो, हा त्यातला खरा प्रश्न आहे. आपल्याकडे पाणपोई घालणाऱ्याने एक दिवस माठ उचलून नेला तर गाव काय म्हणेल? आणि गावाने तो माठ त्याच्या अंगणातून परत आणला तर?

सात महिन्यांनी, ऑक्टोबर २०१६मध्ये, फेसबुक आणि इतरांनी यार्न आणले. त्यासोबत 'लॉक फाइल' आली. मे २०१७मध्ये एनपीएमच्या पाचव्या आवृत्तीनेही ती आपोआप लिहायला सुरुवात केली. लेफ्ट-पॅडमुळे लॉक फाइल जन्मली असे मानण्याचा मोह होतो, पण ते बरोबर नाही. लॉक फाइल नोंदवते ती कोणत्या सामानाची नेमकी कोणती आवृत्ती. यादीत 'अमुक किंवा त्याहून नवे' असे लिहायची मुभा असल्यामुळे दोन यंत्रांवर दोन वेगळे प्रकल्प उभे राहत, त्यावरचा तो उपाय. माल कोठारातूनच नाहीसा झाला तर नेमकी यादी हातात असून काय उपयोग? शिवाय रूबीच्या बंडलरकडे अशी फाइल २०१०पासून होती. म्हणजे कल्पना जुनी, गरज हळूहळू पटली. आजच्या कागदावर 'एनपीएम सीआय वापरा' अशी ओळ दिसते ती याच वंशातली: लॉकमध्ये आहे तेच आणा, हुशारी करू नका.

२०१८ची हकीकत जास्त अस्वस्थ करणारी आहे. आठवड्याला लाखो वेळा उतरवला जाणारा 'इव्हेंट-स्ट्रीम' डॉमिनिक टार यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी लिहिला होता. स्वतः ते तो वापरत नव्हते, त्यातून मिळकतही नव्हती. एका अनोळखी माणसाने 'मी सांभाळतो' म्हटले, त्यांनी दिला. त्या माणसाने एका बिटकॉइन पाकिटावर डल्ला मारणारा कोड आतल्या एका तुकड्यात लपवून घातला. नोव्हेंबरात तो उघडकीस आला. लोकांनी टार यांना बोल लावले. मला ते अन्यायाचे वाटते: इतकी वर्षे ज्यांनी फुकट नेले त्यांपैकी कितीजणांनी विचारले होते, की तुम्ही थकलात का?

उंबरठ्यावरच्या कागदावर आता 'दोन जणांनी तपासल्याशिवाय बदल आत घेतला जाणार नाही', 'नवे अवलंबित्व आणण्याआधी चर्चा करा' अशा ओळी वाढत आहेत, त्या अशा अनुभवांच्या पार्श्वभूमीवर वाचाव्या लागतात.

लेफ्ट-पॅडचे काम २०१७पासून जावास्क्रिप्टच्या मानकातच 'पॅडस्टार्ट' म्हणून आहे, तेव्हा ते प्रकरण मिटले म्हणायचे. मराठीपुरते मात्र मिटलेले नाही. संगणक अक्षरे मोजत नाही, संकेत मोजतो. 'दिवाळी' हा शब्द आपल्या डोळ्यांना तीन अक्षरांचा, जावास्क्रिप्टला सहा संकेतांचा: द, वेलांटी, व, काना, ळ, वेलांटी. रोमन लिपीतली दिवाळीही सहाचीच. दहाच्या रकान्यात दोघींनाही चार मोकळ्या जागा मिळतात आणि आपली यादी वाकडी दिसते. डोळ्याला दिसते तसे अक्षर मोजणारा 'सेग्मेंटर' क्रोममध्ये २०२०पासून आहे, फायरफॉक्समध्ये एप्रिल २०२४मध्ये आला. जोडाक्षर हे एकच अक्षर धरावे हा देवनागरीला लागू असलेला नियम युनिकोडने २०२३मध्ये, १५.१ आवृत्तीत घातला. त्याआधी 'क्षि'चे दोन तुकडे होत.

असा रकाना ज्या प्रकल्पात वाकडा पडतो, त्याच्या उंबरठ्यावरचा कागद वाचून मराठी माणसाला पाठवता येईल असा पहिला बदल अगदी लहान आहे. चाचण्यांच्या फायलीत एक ओळ: शब्द 'क्षितिज', अपेक्षित उत्तर तीन. आजही पुष्कळ ठिकाणी उत्तर येते सात.